आपल्या शेतीचे संकेतस्थळ : उभारणी आणि वर्षभराची निगा

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे येथील पीकपद्धती बदलली. द्राक्ष, टोमॅटो, कांदा, ऊस, बटाटा आणि भाजीपाला या पिकांखालील क्षेत्र वाढले. नारायणगावचा टोमॅटो बाजार, ओतूरचा कांदा आणि मंचरची भाजीपाल्याची पेठ यांची नावे लांबच्या व्यापाऱ्यांनाही माहीत आहेत. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात भात आणि हिरडा हा अनेक कुटुंबांचा आधार आहे.

माल प्रसिद्ध झाला, पण तो पिकविणारा शेतकरी मात्र ग्राहकाला अनोळखीच राहिला. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. त्यामुळे थेट विक्रीचा मार्ग मोकळा झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता. व्यापारी येईनात. त्या वेळी अनेक बागायतदारांनी पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण सोसायट्यांत स्वतः पेट्या पोहोचविल्या. ग्राहक जोडले गेले, पण ते केवळ मोबाइलमधील क्रमांकांच्या रूपाने. मोबाइल हरवला, क्रमांक बदलला, की पुढच्या हंगामात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ग्राहकाला वर्षानंतरही आपला पत्ता सापडावा यासाठी स्वतःचे संकेतस्थळ, म्हणजेच वेबसाइट, उपयोगी पडते. संगणकाचे शिक्षण नसलेल्या शेतकऱ्यालाही ते करता यावे या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

संकेतस्थळ म्हणजे काय?

स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली शास्त्रज्ञांना परस्परांची माहिती सहज वाचता यावी म्हणून ही कल्पना मांडली. १९९३ साली सर्नने ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले.

बाजारातील गाळ्याचे उदाहरण घेतल्यास ही रचना लवकर समजते. त्यात तीन गोष्टी असतात.

१) नाव (डोमेन) : गाळ्यावरील पाटी. हे नाव ठरावीक वर्षांसाठी नोंदवून घ्यावे लागते व मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते.

२) जागा (होस्टिंग) : गाळा. आपला मजकूर व छायाचित्रे ज्या संगणकावर दिवसरात्र ठेवलेली असतात ती जागा.

३) मजकूर : गाळ्यातील माल. हा मात्र आपला आपणच भरावयाचा असतो.

ग्राहकाने मोबाइलवर नाव टाकले की त्या नावावरून जागेचा क्रमांक शोधला जातो आणि तेथील मजकूर त्याच्या पडद्यावर येतो. यापेक्षा अधिक तांत्रिक माहिती सुरुवातीला आवश्यक नाही.

कोणी करावे व कोणी करू नये?

दोन एकर टोमॅटो करून क्रेट थेट नारायणगावच्या बाजारात उतरविणाऱ्या शेतकऱ्याला संकेतस्थळाचा फारसा उपयोग नाही. त्याचा दर त्या दिवसाच्या आवकेवर ठरतो. त्याने त्यासाठी पैसे व वेळ खर्च करू नये. पुढील प्रकारच्या शेतकऱ्यांना मात्र फायदा होऊ शकतो.

अ) द्राक्ष, हापूस किंवा बेदाणा पेटीने थेट ग्राहकाला विकणारे बागायतदार. जुन्नरचा हापूस कोकणच्या हापूसनंतर बाजारात येतो, ही गोष्ट शहरातील बहुसंख्य ग्राहकांना माहीत नसते.

आ) भाजीपाला रोपवाटिकाधारक. रोपे कोणत्या वाणाची व कोणत्या तारखेला तयार होणार, ही माहिती शेतकरी आधी शोधतो.

इ) कृषी पर्यटन केंद्रे. राज्य शासनाने २०१८ साली जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला व २०२० साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट किंवा भीमाशंकरला येणारा पर्यटक मुक्कामाची जागा घर सोडण्यापूर्वीच मोबाइलवर पाहतो.

ई) तांदूळ, हिरडा, पापड, मसाले विकणारे महिला बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या.

नाव स्वतःच्याच नावावर असावे

या लेखातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. त्यासाठी एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते.

टाळेबंदीत थेट विक्री केलेल्या जुन्नर तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराने पुढच्या वर्षी संकेतस्थळ करून घेतले. काम करून देणाऱ्या व्यक्तीचे नाव मीच सुचविले होते. पाने सुरेख झाली. दोन किलोच्या पेट्यांवरही संकेतस्थळाचे नाव छापून घेतले. २०२३ च्या जानेवारीत, माल उतरण्याच्या तोंडावर, संकेतस्थळ दिसेनासे झाले. चौकशी केली तेव्हा समजले, की नाव त्या व्यक्तीने स्वतःच्या ई-मेलवर व स्वतःच्या खात्यात नोंदविले होते. तिने तो व्यवसाय सोडला होता व फोनही बदलला होता. मुदत संपल्याच्या सूचना तिच्या जुन्या ई-मेलवर जात राहिल्या. बागायतदाराजवळ पैसे भरल्याची पावती होती, पण नावावर हक्क सांगता येईल असे काहीच नव्हते. छापलेल्या पेट्यांवर त्यांच्या घरच्या मंडळींनी रात्री बसून चिकटपट्ट्या लावल्या. मी सल्ला देताना ‘नाव कोणाच्या खात्यावर आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारला असता, तर हे टळले असते.

जमीन घेताना आपण प्रथम सातबारा पाहतो. संकेतस्थळाच्या बाबतीतही तसेच करावे. पुढील चार गोष्टी तपासाव्यात.

१) नावाच्या नोंदणीत नोंदणीदार म्हणून आपले किंवा आपल्या गटाचे नाव असावे.

२) नोंदणीच्या खात्यात आपला ई-मेल व आपला मोबाइल क्रमांक असावा. संगणक केंद्र चालविणाऱ्याचा किंवा भाच्याचा नसावा.

३) खात्याचा पासवर्ड आपल्याला माहीत असावा. तो वहीत लिहून कागदपत्रांच्या पेटीत ठेवावा.

४) नूतनीकरणाची तारीख घरातील दोन माणसांना माहीत असावी.

काम दुसऱ्याकडून करून घेण्यास हरकत नाही. मात्र नाव आपण स्वतःच्या खात्यावर घ्यावे व नंतर काम सोपवावे. आज ज्यांचे संकेतस्थळ चालू आहे त्यांनीही हे चार मुद्दे या आठवड्यात तपासावेत. नाव दुसऱ्याच्या खात्यात असल्यास, संबंध चांगले आहेत तोवरच ते आपल्या खात्यात वर्ग करून घ्यावे.

फुकटच्या जागेवर किती विसंबावे?

अनेक कंपन्या संकेतस्थळासाठी जागा व नाव दोन्ही विनामूल्य देतात. अशा नावाला त्या कंपनीचे नाव जोडलेले असते. कंपनीने सुविधा बंद केली की आपले नावही जाते. जिओसिटीज ही एके काळची अतिशय लोकप्रिय मोफत सेवा याहू कंपनीने २००९ साली बंद केली. गूगलने छोट्या व्यावसायिकांना नकाशावरील नोंदीबरोबर दिलेली मोफत संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली. नकाशावरील नोंद राहिली, संकेतस्थळ गेले. ज्यांनी ते नाव पाटीवर व पेटीवर छापले होते, त्यांचे नुकसान झाले.

याचा अर्थ मोफत जागा घेऊच नये असा नाही. जागा मोफत असली तरी नाव विकतचे व स्वतःचे असावे. गूगल साइट्ससारख्या मोफत सुविधेला आपले स्वतःचे नाव जोडता येते. उद्या ती सुविधा बंद झाली तर मजकूर दुसऱ्या जागेवर हलवावा व तेच नाव तेथे जोडावे. ग्राहकाला बदल जाणवतही नाही. झाड दुसऱ्याच्या बांधावर लावले तरी कलम आपल्याकडे राखून ठेवावे, असा हा प्रकार आहे.

नावाची निवड

१) नाव लहान असावे व फोनवर एकदा सांगून समजावे. घरातील शाळकरी मुलाला नाव तोंडी सांगून लिहायला लावावे. त्याने चुकीचे लिहिले तर ग्राहकही चुकणार हे समजावे. ‘द्राक्ष’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत चार जण चार प्रकारे लिहितात. नारायणगावच्या शेवटी कोणी ‘ओ’ घालतो, तर कोणी ‘व्ही’. असे शब्द शक्यतो टाळावेत.

२) एकाच पिकाचे नाव घेऊ नये. आज द्राक्षबाग आहे, दहा वर्षांनी डाळिंब असू शकते. मळ्याचे, घराण्याचे किंवा गटाचे नाव टिकते.

३) नावाच्या शेवटी ‘डॉट इन’ घ्यावे. ही भारताची नावे असून ती २००५ पासून सर्वांसाठी खुली आहेत. वार्षिक खर्च साधारण काही शे रुपयांपासून हजाराच्या आसपास येतो. पहिल्या वर्षी सवलतीत नाव देऊन दुसऱ्या वर्षी जादा रक्कम घेण्याची पद्धत सर्रास आहे. म्हणून घेताना नूतनीकरणाचा दर विचारावा.

४) २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ ही नावेही मिळतात. ती मराठीत लिहिता येतात ही चांगली सोय आहे. मात्र काही ठिकाणी ती अद्याप नीट स्वीकारली जात नाहीत. म्हणून ‘डॉट इन’ मुख्य ठेवावे व ऐपतीप्रमाणे ‘डॉट भारत’ जोडीला घ्यावे.

उभारणीची पद्धत

१) आधी कागदावर लिहावे. मागील हंगामात ग्राहकांनी फोनवर विचारलेले प्रश्न आठवून यादी करावी. माल कधी मिळेल? कमीत कमी किती घ्यावा लागेल? पोहोच मिळेल का? रस्ता कोणता? या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच आपल्या संकेतस्थळाचा मजकूर होय.

२) सुरुवातीला चारच पाने करावीत : आमची शेती, माल व हंगाम, कसे यावे, आणि संपर्क.

३) स्वतःचा वेगळा ई-मेल उघडावा व त्यावरून नाव नोंदवावे. नोंदणीच्या वेळी ओळखपत्राची तपासणी होऊ शकते. नोंदणीदाराचे नाव ओळखपत्राप्रमाणेच लिहावे.

४) जागा निवडावी. नवशिक्याने तयार साचे देणारी साधी सुविधा घ्यावी. वर्डप्रेस ही प्रणाली चांगली व मोफत आहे, परंतु तिची व तिला जोडलेल्या उपप्रणालींची वेळोवेळी अद्ययावत आवृत्ती घ्यावी लागते. हे न केल्यास भामटे आत शिरतात. ज्याला दरमहा लक्ष देणे शक्य नाही त्याने ती स्वतः चालविण्याच्या भानगडीत पडू नये.

५) मजकूर व छायाचित्रे भरावीत, नाव जागेला जोडावे. जोडणी पूर्ण होण्यास काही मिनिटांपासून एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात घाबरून पुन्हा पुन्हा बदल करू नयेत.

६) पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ येते का ते पाहावे. त्याशिवाय ग्राहकाच्या मोबाइलवर ‘असुरक्षित’ अशी सूचना दिसते. बहुतेक सुविधांत ही सोय मोफत मिळते.

७) गूगल नकाशावर आपल्या शेताची नोंद करून तेथे संकेतस्थळाचे नाव टाकावे. नकाशावरील खूण घरावर हवी की पॅकहाउसवर, हे ठरवून अचूक लावावी. कालव्याच्या पलीकडे लागलेली खूण ग्राहकाला तीन किलोमीटर फिरविते.

मजकूर कसा असावा?

मजकूर मराठीत व युनिकोडमध्ये असावा. मोबाइलवरील मराठी कळफलक युनिकोडचाच असतो. छापखान्यात वापरले जाणारे जुने फॉन्ट चालत नाहीत. ते दुसऱ्याच्या मोबाइलवर अगम्य चिन्हे होऊन दिसतात आणि शोध घेतल्यावर सापडत नाहीत. त्याच कारणाने हस्तपत्रिकेचे छायाचित्र तसेच चिकटवू नये. छायाचित्रातील अक्षरे शोधात येतीलच याची खात्री नसते. पुण्या-मुंबईतील अमराठी ग्राहकांसाठी चार ओळी हिंदी किंवा इंग्रजीत द्याव्यात.

छायाचित्रे स्वतःच्याच शेतातील असावीत. दुसरीकडून घेतलेले चकचकीत घड पाहून ग्राहक पेटी मागवितो आणि पेटी उघडल्यावर विश्वास गमावतो. प्रत्येक छायाचित्र शक्यतो २०० केबीच्या आत आणावे. आहुपे, भीमाशंकर किंवा माळशेजच्या बाजूला नेटवर्क क्षीण असते. तेथे जड पान उघडत नाही व नेमका वाट शोधणारा पाहुणा अडकतो.

दावे जपून करावेत. प्रमाणपत्र असेल तरच ‘प्रमाणित सेंद्रिय’ असे लिहावे व ते पीजीएसचे आहे की एनपीओपीचे, हे नमूद करावे. उर्वरित अंश तपासणी केली असल्यास अहवालाची तारीख द्यावी. बेदाणा, लोणचे, मसाले असे प्रक्रिया केलेले पदार्थ विकताना एफएसएसएआयची नोंदणी घेऊन तिचा क्रमांक लिहावा. कृषी पर्यटन केंद्र असल्यास जुन्नर परिसरातील बिबट्याचा वावर लपवू नये. अंधार पडल्यावर शिवारात एकट्याने फिरू नये, लहान मुलांना सोबतीशिवाय सोडू नये, अशा सूचना स्पष्ट द्याव्यात. खरे सांगणाऱ्याकडे पाहुणा पुन्हा येतो.

वर्षभराची निगा

बाग लावण्यापेक्षा ती जोपासणे अवघड असते. संकेतस्थळाचेही तसेच आहे. मेमध्ये ‘ताजी द्राक्षे उपलब्ध’ अशी पाटी दिसली, तर ग्राहकाचा इतर मजकुरावरचाही विश्वास उडतो. जुने संकेतस्थळ हे नसलेल्या संकेतस्थळापेक्षा वाईट. निगेची कामे शेतीच्या कामांना जोडून घेतल्यास विसर पडत नाही. द्राक्ष बागायतदारासाठी पुढील वेळापत्रक सुचविण्यात येत आहे.

एप्रिल (खरड छाटणी) : द्राक्ष संपल्याची सूचना लावावी. पुढच्या हंगामाचा अंदाजे महिना द्यावा. हापूस असल्यास त्याची माहिती वर आणावी.

जून-जुलै : सर्व मजकूर व छायाचित्रांची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या खात्यात काढून ठेवावी. पासवर्ड बदलावेत.

ऑक्टोबर (फळ छाटणी) : छाटणीची तारीख लिहावी. त्यावरून नेहमीच्या ग्राहकाला माल कधी येईल याचा अंदाज येतो. नावाची मुदत तपासून, जवळ आली असल्यास याच वेळी नूतनीकरण करावे. ऐन हंगामात मुदत संपू देऊ नये.

डिसेंबर : फोन क्रमांक, नकाशा व पोहोच देण्याची गावे तपासावीत. दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपलेच संकेतस्थळ उघडून पाहावे.

जानेवारी ते मार्च (काढणी) : आठवड्यातून एकदा पाच मिनिटे द्यावीत. दर रोज बदलत असेल तर आकडा न देता ‘आजचा दर फोनवर विचारावा’ असे लिहावे. दर दिल्यास त्यासोबत तारीख लिहावी.

हिरडा, भात किंवा रोपवाटिका असणाऱ्यांनी आपापल्या हंगामाप्रमाणे असेच वेळापत्रक करून भिंतीवरील दिनदर्शिकेत खुणा कराव्यात.

नावाच्या नूतनीकरणात मुदतीनंतर सहसा काही दिवसांची सवलत मिळते. पुढे जादा रक्कम भरावी लागते आणि त्यानंतर ते नाव कोणालाही खुले होते. एकदा दुसऱ्याने घेतलेले नाव परत मिळविणे कठीण असते. शक्य असल्यास एकदम तीन वर्षांचे पैसे भरावेत.

फसवणुकीपासून सावधगिरी

संकेतस्थळावर फोन क्रमांक आला की भामट्यांचेही फोन येतात. मोठी मागणी नोंदवून ‘आगाऊ रक्कम पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगण्याचा प्रकार नेहमीचा आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. ‘तुमचे नाव बंद होणार आहे, लगेच भरा’ असे संदेश आल्यास त्यातील दुव्यावर जाऊ नये. आपल्या खात्यात स्वतः जाऊन मुदत पाहावी. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. ग्राहकांची नावे व क्रमांक हा आपल्यावर टाकलेला विश्वास आहे. ते संकेतस्थळावर उघडे ठेवू नयेत.

वारणेचा धडा

ग्रामीण भागात माहिती तंत्रज्ञान नेण्याचा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक बसले. त्यांचा खरा उपयोग ऊसनोंद, वजन व बिल या शेतकऱ्यांच्या नित्याच्या गरजांसाठी झाला. पुढे काही गावांत हीच माहिती मोबाइल संदेशाने देण्याचा प्रयोगही झाला. साधन बदलले, गरज तीच राहिली. आपल्या संकेतस्थळाचेही मोजमाप याच गरजेने करावे. ते किती देखणे आहे यापेक्षा ग्राहकाच्या रोजच्या प्रश्नाचे उत्तर त्यावर आहे का, हे पाहावे.

सारांश

शेतकरी बंधू-भगिनींनो, नाव स्वतःच्या खात्यावर घ्या, जागा साधी निवडा, चार पाने खऱ्या माहितीने भरा आणि छाटणीच्या तारखांप्रमाणे त्यांची निगा ठेवा. वर उल्लेख केलेल्या बागायतदारांनी पुढच्या वर्षी नवे नाव स्वतःच्या ई-मेलवर नोंदविले. पासवर्डची वही आता त्यांच्या पत्नीजवळ असते आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत ठेवलेली असते. तिची योग्य जागा तीच आहे.